अप्पर-डिप्पर

‘लूज कॉन्टॅक्ट असणार’ हे म्हणायला काही शिकावं लागत नाही. गाडीतलं काही कधी चालतं आणि कधी चालत नाही असं कळलं, की माणसं मान डोलावून हेच म्हणतात आणि चहा प्यायला मोकळी होतात. समाधानच्या जीपबद्दल गेला महिनाभर सौदीतल्या अल खफजीतले झाडून सगळे ओळखीचे हेच म्हणत होते.

जीप जपानी, चौऱ्याण्णवची. वाळवंटात फिरायचं म्हणून समाधानने पुढच्या गार्डवर दोन मोठे जादा दिवे बसवले होते. खोक्यातल्या कागदावर चित्र होतं, तसेच्या तसे, स्वतःच्या हाताने. अप्पर मारला की जीपच्या दिव्यांबरोबर हे दोघेही लागायला हवेत. पण कसचं काय! हवे तेव्हा ते लागत नसत आणि नको तेव्हा भसकन लागत. समाधानने फ्यूज बदलला, रिले, म्हणजे विजेवर चालणारा आतला छोटा स्विच बदलला, हाताचा स्विच बदलला, बॉडीवरचा रंग खरवडून अर्थ, म्हणजे मायनसची वायर, नव्याने दिला. तीन शुक्रवार साप साप म्हणून भुई धोपटली आणि शेवटी पंधरा दिवसांच्या ड्यूटीवर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर निघून गेला. जाताना बायकोला म्हणाला, “जीप हुसेनमियाँकडे टाक. तू हात लावू नकोस हं, मंजुषा. शॉकबिक बसेल.”

बारा व्होल्टचा शॉक! आणि हे कुणाला, तर नाशिकच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेतलेल्या बाईला. सांगणारा कोण, तर पंपांचा इंजिनियर. मंजुषा गप्प राहिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यातली पहिली दोन सोडली तर ती गप्पच राहत आली होती.

शिवाय तिच्या मनात दुसरंच काही होतं. गावातल्या एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपमध्ये कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगसाठी बायका हव्या होत्या. ती मुलाखत देऊन आली होती, त्यांनी ये म्हणून सांगितलं होतं आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. नवऱ्याला तिने ह्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. भीती नवऱ्याची नव्हती. भीती ही, की आपल्याला आता काही येत नाही. पहिल्याच दिवशी पोरीबाळींसमोर फजिती होईल. म्हणून तिने मनाशी ठरवलं: ह्या जीपचा दोष सापडला तर जायचं, नाही सापडला तर नाही म्हणून कळवायचं आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही.

तर गुरुवारी दुपारी ती जीप घेऊन सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत गेली. हुसेनमियाँ हर्णैचे, साठीचे, गाड्यांच्या एसीचं काम करणारे. वायरिंगचं काम ते ज्याच्याकडून करून घेत, तो शेजारचा इलेक्ट्रिशियन सुट्टीवर गावी गेला होता.

“बाय, थंड हवेचं काही असेल तर सांग,” मियाँ म्हणाले. “वायरीतलं मला ओ की ठो कळत नाही.”

“तुम्ही नुसतं सीटवर बसून दिवे लावा, चाचा. बाकी मी बघते.”

मियाँनी तिच्याकडे एकदा पाहिलं, हातातल्या मीटरकडे एकदा पाहिलं आणि मुकाट आत जाऊन बसले. शटर अर्धं ओढल्यामुळे शेडमध्ये अंधार होता, आणि उकाडा असा, की पाना हातात धरवत नव्हता.

दोन तास गेले. बॅटरी ठीक, फ्यूज ठीक, अर्थ ठणठणीत. अप्परच्या वायरीतून एक बारीक वायर काढून समाधानने रिलेला दिली होती. तिथे बारा व्होल्ट आले की रिले ओढणार आणि दिवे लागणार, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्या वायरीवर मीटर एकदा बारा दाखवी, एकदा शून्य. मियाँही कंटाळून स्टिअरिंगजवळची अप्पर-डिप्परची दांडी वाटेल तशी खालीवर करत होते. शेवटी मंजुषाच्याच तोंडून निघालं, “लूज कॉन्टॅक्टच असणार.” आणि स्वतःचं ते वाक्य ऐकून तिला रडू कोसळायचं बाकी राहिलं. तीही शेवटी त्याच मेंढरांत जाऊन बसली होती. तिने हात पुसले, फोन काढला, ‘क्षमस्व, मला जमणार नाही’ असं इंग्रजीत टाइप केलं आणि पाठवण्याआधी, सवयीने, एकदा दिव्यामागचा जोड बघायला वाकली.

तेवढ्यात ते दोन्ही दिवे तिच्या तोंडावर भसकन पेटले. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“अहो, वाढवा! वाढवा ते दिवे!” ती हाताने डोळे झाकून ओरडली.

सिन्नरला तिच्या माहेरी दिवा कधी विझवत नसत. विझव म्हटलं तर आजी तोंडावर मारायची. दिवा वाढवायचा, जसा नारळ वाढवायचा, जशी बांगडी वाढवायची. घाबरल्यावर माणूस माहेरचंच बोलतं. मियाँना हे कुठून ठाऊक असणार! त्यांनी सरळ अर्थ घेतला आणि वाढवले, म्हणजे दांडी ढकलून अप्पर मारला.

जीपचे आपले दिवे भगभगले आणि गार्डवरचे दोघे फट्कन गेले.

“बंद केलेत ना?” मंजुषाने विचारलं.

“बंद कशाला करू? तू वाढव म्हणालीस ना? अप्पर दिलाय.”

ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “डिप्पर द्या.” दिवे लागले. “अप्पर.” गेले. “डिप्पर.” लागले. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. लूज कॉन्टॅक्ट इतका शिस्तीचा नसतो.

म्हणजे सगळं बरोबर उलटं होतं. आपण शिकतो ते असं, की अर्थ कायमचा बसलेला आणि स्विचचा खेळ सगळा प्लसचा. ह्या जीपमध्ये प्लस आधीच दिव्यात येऊन बसलेला होता आणि दांडी खेळत होती ती अर्थशी. अप्पर दिला की अप्परच्या वायरीला अर्थ मिळायचा, म्हणून तिथे शून्य. डिप्परवर तो तुटायचा, म्हणून तिथे दिव्यातून आलेले बारा. मीटर बिचारा पहिल्यापासून खरं सांगत होता.

“चाचा, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं हो!” ती म्हणाली, आणि आनंदाने तिचा आवाज चिरकला.

रिलेचं जे टोक समाधानने रंग खरवडून बॉडीला दिलं होतं, ते तिने काढलं आणि हेडलाइटच्याच प्लसला जोडलं. एक वायर, दहा मिनिटं. मियाँनी अप्पर मारला. चारही दिवे लागले आणि समोरच्या भिंतीवरची एसीच्या गॅसची टाकी न् टाकी लखलखली. डिप्परवर दोघे गुमान गेले. “वा गो बाय!” मियाँ म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

तेवढ्यात समाधानचा फोन आला. जीपचं काय झालं, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. “झाली,” ती म्हणाली. तो खूश. “मियाँना सांग, मानलं बुवा.” मियाँनी ते ऐकलं आणि फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, “अरे समाधान, मी फक्त सीटवर बसलो होतो! हिनं केलंय!”



“कसं काय केलंस?” त्याने विचारलं.

तिने सांगितलं.  मग त्याच दमात तिने नोकरीचंही सांगून टाकलं, रविवारपासून, सकाळी सात ते चार.

“अगं पण,” समाधान म्हणाला, “मग घरी कोण?”

मुलगी गौरी मणिपालला हॉस्टेलवर होती. तो स्वतः महिन्यातले पंधरा दिवस समुद्रात.

“आत्ता घरी कोण आहे?” मंजुषाने विचारलं.

 तिने मियाँनी आणलेला चहा घेतला. शेवटी तो म्हणाला, “बरं,” आणि मग पुन्हा, जरा हळू, “बरं.” फोन ठेवल्यावर तिने टाइप केलेलं पुसलं आणि येते म्हणून कळवलं.