कापलेलं नववं पान

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी धाकटीने ‘खरखर’ या भावंडांच्या छोट्या नियतकालिकाचा नवा अंक उघडला आणि त्यातलं तिसरं पान सुटून तिच्या मांडीवर पडलं.

दुसरा अंक उघडला. तेच. दोनशेच्या दोनशे अंकांतून नववं पान ब्लेडने कापलेलं होतं. घडीच्या एका बाजूला नववं, दुसऱ्या बाजूला तिसरं, कागद एकच. कापलेलं दिसू नये म्हणून दादाने पिनांना अगदी खेटून कापलं होतं. त्या नीटनेटकेपणानेच त्याचं बिंग फोडलं.

“दादा!”

अंकाची मांडणी बारा वर्षं करणारा तिचा भाऊ खिडकीपाशी बोटांची शाई पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

“हॉलवाल्याचा फोन आला होता, त्या पानाचं त्याला कुठूनसं कळलंय. ते पान असेल तर आज संध्याकाळच्या कार्यक्रमाला दारात अंक विकायला टेबल लावू देणार नाही म्हणाला. अशी गर्दी वर्षातून एकदा जमते, बाई.”

“आणि मला सांगायला तोंड शिवलं होतं तुझं?”

“तू ऐकणार होतीस?”

“मुळीच नाही!”

“झालं तर मग.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या महिन्यात त्याच हॉलमध्ये ड्रमवालीचा बँड ऐन रंगात असताना आवाज बंद करण्यात आला होता, कारण हॉलवाल्याच्या पुतण्याला मंचावर यायची घाई होती. ड्रमवालीने हे इंटरनेटवर लिहिलं, ते दोन दिवसांत गायब झालं. म्हणून ती अंक निघतो त्या या खोलीत आली. म्हणाली, माझं नाव घालून छापा, पण मग कच खाऊ नका. धाकटीने शब्द दिला होता, आणि तेच नवव्या पानावर छापलं होतं.

“पानं कुठायत?”

दादाने टेबलाखालचा खोका पायाने पुढे सरकवला. दोनशे पानं, कडा जुळवून रचलेली.

“फेकवली नाहीत गं.”

“कापवली बरी! ऊठ. टेप घे आणि एकेक चिकटव.”

“दोनशे?”

“कापताना मोजली होतीस?”

बारा वाजता ड्रमवाली आपली प्रत न्यायला आली. धाकटीने आडपडदा न ठेवता सुटी पानं तिच्या हातात दिली. “आमच्याच घरात कापलं. दादाने.”

ड्रमवालीने पानाची कापलेली कड बोटाने तपासली. “बरं झालं, छापून मागितलं. इथे चोरी निदान सापडते तरी.” मग दादाकडे वळून, “काका, हात मात्र सफाईदार आहे हं तुमचा.”

दादा लाल झाला. ती गेल्यावरही तो चिकटवतच राहिला.

पावणेपाचला हॉलवाल्याचा फोन दोनदा वाजला. कुणीच उचलला नाही. पाच वाजता दादाने चिकटवलेले चाळीस अंक काखोटीला मारले, चपला घातल्या आणि कुठे चाललो ते न सांगता जिना उतरला.

साडेसहाला कार्यक्रम सुरू झाला. दारात टेबल नव्हतं. दादाही नव्हता, आणि धाकटीला त्याचा फोन बंद लागत होता. पण आत शिरणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात ‘खरखर’ होता, नववं पान टेपने चिकटवलेला.