लंगोटाचा रंग

पेरूतल्या आयाविरीच्या बाजारातून चीज विकून आली की फ्लोरिंदा आधी पोराचा लंगोट उघडून बघायची. आजही पिवळाच!

विल्बेर वर्षाचा होत आला होता. अंगात रक्त नाही, रांगायला दम नाही, दिवसभर माती चाटत बसायचा. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, "लोहाचे थेंब रोज थेट त्याच्या तोंडात घाल. तुझ्या दुधातून ते उतरत नाहीत. शी काळी झाली की समज, औषध पोटात गेलं." पुढच्या तपासणीत रक्त वाढलं नाही, तर पोराला पुनोच्या मोठ्या इस्पितळात ठेवावं लागणार होतं.

फ्लोरिंदा भल्या पहाटे निघायची, म्हणून थेंब द्यायचं काम सासूकडे, सातुर्निनाकडे. बाटली तर रिकामी होत चालली होती. फ्लोरिंदाने बाटलीवर कोळशाची खूण करून खात्री केली होती. मग औषध जातंय कुठे? म्हातारी मोरीत ओततेय? घरात पाळलेल्या गिनीपिगांना पाजतेय? लग्नापासून तिने या सुनेशी कधी धड शब्द काढला नव्हता. त्यात हल्ली ती वाढायची त्या सुपाला जुन्या खिळ्याची चव यायची. नवऱ्याच्या सुपाला नाही, फक्त हिच्या. गंजक्या भांड्यातलं वाढते मला, असं मनात धुमसत ती वाटी संपवायची.

बाजारात बटाटेवाली एर्मेलिंदा एकदा म्हणाली, "गाल बरे रंगलेत गं तुझे! आणि पोर पांढरंफटक. त्याच्या वाटणीचंही तूच गिळतेस वाटतं?"

सगळे हसले. फ्लोरिंदाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चीज तसंच गुंडाळून ती तडक घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीला डोळा लावला.

सासूच्या पाठीशी बांधलेला विल्बेर झोपला होता. सातुर्निना चुलीपाशी बसून त्याच्या बाटलीतले थेंब फ्लोरिंदाच्या वाटीत पिळत होती.

"आई! मला विष घालताय?"

"जीभ झडो तुझी! पोराचं औषध आहे हे."

"मग माझ्या वाटीत कशाला?"

"त्याला पाजलं तर ओकतो गं, एवढासा जीव. कोकरू अशक्त झालं की आपण मेंढीलाच चारतो ना? तुझ्या दुधातून उतरेल म्हटलं. तूही बाळंतपणापासून मेणबत्तीसारखी पांढरी पडली होतीस. सांगितलं असतं, तर माझ्या हातचं प्यायली असतीस?"

नसती प्यायली. फ्लोरिंदाने गालाला हात लावला. भांडायचं सगळं विसरून तिला रडूच कोसळलं.

"अहो, दुधातून नाही उतरत ते! नर्सने सांगितलं होतं, मीच तुम्हाला बोलले नाही. लेकराचं रक्त माझ्या गालावर चढलं हो."

 म्हातारीने विल्बेरला पाठीवरून सोडवून सुनेच्या मांडीवर दिलं. "धर त्याचं डोकं."

फ्लोरिंदाने चुलीपाशी ठेवलेली बाटली उचलून क्षणभर घट्ट धरून ठेवली, मग सासूच्या हातात दिली. पोराने घर डोक्यावर घेतलं, पण गिळलं.

दोनएक दिवसांनी अंगणातून सातुर्निनाची आरोळी आली, "पोरी, धाव! काळी! कोळशासारखी काळी!" तिने तो घाणेरडा लंगोट दोन्ही हातांनी उंच धरला होता आणि शेजारपाजार नाक दाबून बघत होता.

त्या दिवशी सूप नुसतं सुपासारखं लागलं. फ्लोरिंदाने वाटी चाटूनपुसून संपवली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सासूकडे आणखी मागितलं.