म्हातारीचा खिसा

आमच्या घरी गेले अकरा महिने म्हातारी येणार, म्हातारी येणार असं चाललं होतं, आणि म्हातारीचा पत्ता नव्हता.

शेजारणीच्या कानावर हे भिंतीपलीकडून जायचं. एके सकाळी ती घडीची खाट घेऊन दारात उभी राहिली. "त्यांना खाली झोपवू नका हो," म्हणाली, "या वयात उठताना कंबर धरते." मग तिला आत बसवून सांगावं लागलं, की ही म्हातारी म्हणजे बाई नव्हे, ग्लायडर आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. आणि तेही खरं नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावर उडणारं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जाताना खाट मात्र ठेवून गेली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मास्तर म्हणजे माझे यजमान. ग्लायडिंग क्लबात त्यांनी तीस वर्षं लोकांना उडायला शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मीही म्हणते, फक्त माझ्या म्हणण्यात थोडी कुरकुर असते.

म्हातारी हे क्लबचं सगळ्यात जुनं ग्लायडर. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पुढे शिकणाऱ्याची सीट, मागे मास्तरांची. रुईचं बोंड फुटलं की केसाळ बी वाऱ्यावर तरंगत जातं, मुलं त्याला म्हातारी म्हणतात आणि फुंकर मारत त्याच्यामागे धावतात. त्यावरून ते नाव पडलं होतं. पुढे वयानेही ते नाव तिला शोभायला लागलं. मग क्लबची जागा गेली, मैदानावर गोदामं उभी राहिली, आणि पंख उतरवून म्हातारीला कुणीतरी कुठेतरी नेलं. मास्तर त्या दिवशी मैदानावर गेले नाहीत. घरी बसून टेबलफॅन दुरुस्त करत होते. तो बिघडलेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी लेकीने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला, हातात धरायची काठी आणि पायाखालची पेडल्स जोडून दिली आणि फ्लाइट सिम्युलेटर घालून दिला. मास्तरांनी चार मोठी विमानं चालवून बघितली आणि नाक मुरडलं. "हे काय उडणं आहे? नुसती बटणं दाबायची." मग त्यांना शोध लागला, की दूर कुठेतरी एक माणूस अगदी म्हातारीच्याच जातीचं ग्लायडर या सिम्युलेटरसाठी तयार करतोय. असल्या जोडणीला ॲड-ऑन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. माणूस एकटाच होता, नोकरी सांभाळून हा उद्योग करणारा. मी त्याचं नाव सुतार ठेवलं. सुताराच्या पानावर ग्लायडरचं अर्धवट चित्र होतं आणि खाली एकच शब्द होता: लवकरच.

मास्तर रोज सकाळी आंघोळीच्या आधी ते पान उघडायचे. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "काय म्हणतोय सुतार?" आणि ते म्हणायचे, "लवकरच."

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण प्रश्न मास्तरांच्या उजव्या हाताचा होता. दीड वर्षापूर्वी त्याला थरथर सुरू झाली. आधी सही बदलली. मग पेला अर्धाच भरून घ्यायला लागले. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. मास्तर काठी धरून बसले की पडद्यावरचं विमान थंडी वाजल्यासारखं हलायचं आणि ते पटकन हात मांडीवर ठेवायचे, मी बघू नये म्हणून. मी बघितलेलं असायचंच. सुताराची म्हातारी आधी येते की मास्तरांचा हात आधी जातो, या एकाच गोष्टीने माझा जीव टांगणीला लागला होता.

वाट बघायची मला सवय नाही असं नाही. क्लबच्या इतक्या वर्षांत मी म्हातारीत एकदाही बसले नाही. रविवारी उड्डाणं असायची आणि रविवारी शिकणाऱ्यांची रांग असायची. घरच्या माणसाने रांगेत पुढे घुसणं मास्तरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "पुढच्या रविवारी तुला नक्की नेतो," ते म्हणायचे. मी डबा भरून मैदानावर जायची, गवतात बसून म्हातारीला दोराने वर ओढलेली बघायची आणि डबा धुऊन परत यायची. पुढचा रविवार काही आला नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो मी जपून ठेवलेला आहे.

आमची गाठ मुळात पडली तीही म्हातारीमुळेच. मी तेव्हा वडिलांच्या शिंपीकामाच्या दुकानात बसायची. एक दिवस एक उंच तरुण आला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "एक कपडा फाटलाय, पण तो इथे आणता येणार नाही." उतरताना अंदाज चुकून त्याने ग्लायडर कुंपणात घातलं होतं. क्लबचा कापड बसवणारा माणूस आजारी होता. वडील म्हणाले, जाऊन बघून ये.

हँगरमध्ये, म्हणजे ग्लायडर ठेवायच्या शेडमध्ये, पिकल्या केळ्यांसारखा वास येत होता. कापड ताठ राहावं म्हणून वर जे रसायन लावतात, त्याचा तो वास. म्हातारीच्या पोटाला डाव्या बाजूने, मागच्या सीटखाली, वीतभर फाटलं होतं. मला कुणी काही सांगितलं नाही आणि विचारायची मला लाज वाटली. विमानाच्या ठिगळाच्या कडा करवतीसारख्या कातरतात, म्हणजे ठिगळ सपाट चिकटून बसतं, हे मला कुठून माहीत असणार? मी शर्टाची माणूस. मी कापड कापलं, चारी कडा आत दुमडल्या, खालचे दोन कोपरे गोल केले आणि बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. लांब उभी राहून बघितलं तेव्हा माझ्याच लक्षात आलं, की मी विमानाला खिसा लावलाय.

सगळा क्लब हसला. तपासनीसाने डोक्याला हात लावला. पंखावर असतं तर उसवायलाच लावलं असतं, पण पोटावर आहे, टाके मजबूत आहेत, वरून रसायन लावा आणि पुढच्या वर्षी बदला, असं तो म्हणाला. पुढच्या वर्षी मास्तरांनी ते बदलू दिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तोवर आमचं लग्न झालेलं होतं. नवीन मुलांना ते सांगायचे, "म्हातारी आहे, तिला एक खिसा नको?"

तर, अकराव्या महिन्यात माझा संयम संपला. मास्तर डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हा मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि सुताराला चांगला खरमरीत ईमेल लिहिला. लिहिलं, की तुमच्या लवकरचला काही लाजलज्जा आहे का? इथे एका माणसाचा हात महिन्या-महिन्याने निकामी होत चाललाय. त्याने तीस वर्षं लोकांना उडवलं, त्याला शेवटचं एकदा उडायचंय. तुमच्याच्याने होत नसेल तर तसं सांगा, म्हणजे आम्ही वाट बघणं सोडून देऊ.

दुसऱ्या दिवशी मास्तर भाजी आणायला गेलेले असताना उत्तर आलं. सुताराने फार नम्रपणे लिहिलं होतं. "बाई, ग्लायडर पाच महिन्यांपूर्वीच तयार झालं आहे. तुमच्या यजमानांनीच ते थांबवून ठेवलंय. त्यांची पत्रं सोबत जोडतो."

अकरा पत्रं होती. पहिल्यात समोरच्या काचेवरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा लोकरीचा दोरा फार लांब झालाय, अशी तक्रार होती. दुसऱ्यात पट्ट्याच्या बकलाचा आवाज चुकीचा होता. चौथ्या पत्रापासून पुढे मात्र एकच विषय होता: खिसा.

सुताराने जुन्या फोटोंवरून काम केलं होतं. क्लबचं नाव उजव्या बाजूला रंगवलेलं, त्यामुळे सगळे फोटो उजवीकडूनच काढलेले. डाव्या बाजूचा एकही नव्हता. मास्तरांनी कळवलं, की डाव्या पोटाला ठिगळ आहे. सुताराने ते केलं, नियमाप्रमाणे करवतीच्या कडांचं. मास्तरांनी लिहिलं, "असं नाही. कडा दुमडलेल्या. खालचे कोपरे गोल." सुताराने विचारलं, असं ठिगळ विमानाला कुणी लावतं का? आपली चूक तर होत नाही? मास्तरांचं उत्तर होतं, "चूक माझी नाही. ती शिंपीण होती. नवी होती. चूक जशी आहे तशीच हवी. तोवर कृपया ॲड-ऑन कुणालाही देऊ नका." त्यांनी हाताने चित्रं काढून पाठवली होती, एकामागून एक सहा. पहिल्या चित्रातला खिसा बरा होता. सहाव्यातली रेघ इतकी थरथरली होती, की तो खिसा आहे हे मला कळलं, दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

मला रडू आलं आणि त्याच दमात त्यांचा असा राग आला, की परत येताच दारातच फैलावर घ्यावं. पण ते आले तेव्हा मी काही बोलले नाही. शिंपिणीने बोलण्यापेक्षा शिवावं.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुपारी आडवे झाल्यावर मी जुन्या चादरीचा तुकडा काढला, तो भरतकामाच्या लाकडी चौकटीवर ताणला आणि त्यावर खिसा शिवायला घेतला. मुद्दाम चूक करणं फार कठीण असतं. इतक्या वर्षांचा हात झालेला, कोपरे नको तितके सुबक यायला लागले. दोनदा उसवलं. मग डोळ्यांपुढे तो हँगर आणला, काउंटरवर हात टेकलेला तो तरुण मागे उभा राहून बघतोय हे आणलं, आणि टाके आपोआप घाबरल्यासारखे पडले. डावा कोपरा उजव्यापेक्षा जरा खाली गेला. तसाच होता तो. खिडकीच्या उजेडात फोनवर फोटो काढला आणि सुताराला पाठवला. खाली लिहिलं, "मीच ती."

नवव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणतोय सुतार?" उत्तर आलं नाही. बाहेर येऊन बघते, तर म्हातारी पडद्यावर उभी होती. मास्तरांनी तिला डाव्या बाजूने वळवून घेतलं होतं आणि ते पडद्याला नाक लावून बघत होते.

"डावा कोपरा खाली आहे," ते म्हणाले. "हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मलाच आठवत नव्हतं."

"मला आठवत होतं."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मग मात्र मी तोंड सोडलं. "पाच महिने. पाच महिन्यांपूर्वी तुमचा हात किती बरा होता. एका खिशापायी घालवलेत ना? आता कसे उडवणार?"

"मला कुठे उडायचंय?" मास्तर म्हणाले. "मी उडालोय की पोटभर. तुला बसवायचं होतं. खिसा नसता तर ती दुसऱ्या कुणाची तरी म्हातारी झाली असती. तिच्यात तुला बसवून काय करू?"

त्यांनी खुर्ची रिकामी केली, स्वतः मागे स्टूल ओढून बसले, जिथे ते तीस वर्षं बसले तिथे, आणि म्हणाले, "बस पुढे."

"आज मंगळवार आहे," मी म्हटलं.

"आज रविवार धरू."

दोराने आम्हाला वर ओढलं. मी डाव्या हाताने खुर्ची घट्ट धरली, ती जमिनीवर असूनसुद्धा. मास्तरांनी सांगितलं तेव्हा मी बटण दाबून दोर सोडला, आणि एकदम शांत झालं. नुसता वाऱ्याचा आवाज. खाली हिरवं मैदान होतं, गोदामांशिवाय.

"काठी आवळू नकोस. चिमणीचं पिल्लू धरलंय असं समज." हा त्यांचा शिकवायचा आवाज मी गवतात बसून लांबून ऐकलेला, माझ्याशी या आवाजात ते कधी बोलले नव्हते. "आणि पाय. अगं, ते शिलाई मशीन नाही, पेडल मारत सुटू नकोस."

"सवय आहे."

"तेच म्हणतोय."

त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता आणि थरथरत होता. काठी माझ्या हातात होती, म्हणून म्हातारी जराही हलत नव्हती. आम्ही दोन मोठे वळसे घेतले. मग उतरायला लागलो. मास्तर सांगत होते वर घे, वर घे, आणि मी काठी उलट्या बाजूला ढकलली. म्हातारी मैदानाच्या अलीकडेच गवतात टेकली आणि घसरत जाऊन कुंपणात घुसली.

मी काठीवरून हात काढला.

"फाटलं असेल," मी म्हटलं.

"फाटू दे," मास्तर माझ्या मागून म्हणाले. "या वेळी शिंपीण शोधायला जावं लागणार नाही."