किनार नावाचा फोल्डर

मी 'किनार' बोलतोय. नाव बाईचं वाटलं तरी मी एक फोल्डर आहे, म्हणजे कॉम्प्युटरमधला एक कप्पा.

माझा जन्म भिवंडीत, धामणकर नाक्यामागच्या गल्लीत, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, एका कारखान्यावरच्या माळ्यावर झाला. कारखाना अब्दुर्रहमानचाचांचा. त्यांचा मुलगा एजाज आणि त्याची कॉलेजातली मैत्रीण क्षितिजा कापडाचं डिझाइन काढणारं सॉफ्टवेअर लिहीत होते. ते कुणीही फुकट वापरावं, कुणीही उघडून सुधारावं, असं दोघांचं ठरलेलं. खाली लूम सुरू झाले की माळा थरथरायचा आणि लॅपटॉपशेजारचा चहा ग्लासात हिंदकळायचा.

साडीची किनार आखायचं काम क्षितिजाकडे होतं. मला तिनेच तयार केलं, नावही तिनेच दिलं. ती खारबावहून यायची, ओढणीने घाम पुसत बसायची आणि स्क्रीनवर नक्षी उमटली की हाक मारायची, "चाचा, बघा ना, जमली का?"

चाचा चष्मा कपाळावर सरकवून वाकायचे. "बेटा, फूल तोंड फिरवून बसलंय. पण वेल झकास हाय."

मग क्षितिजाला कशेळीच्या एका गोदामात नोकरी लागली. वडील आजारी, नोकरी घेणं भाग होतं. काम अर्धंच झालेलं. निघताना तिने माझ्यातल्या एका फाइलीत, कोडच्या वर, लिहून ठेवलं, 'एजाज, याला हात लावू नकोस. मी रविवारी येते.'

त्या रविवारी तिला ड्युटी लागली. पुढच्याही रविवारी. मग फोनही कमी झाले.

एजाजने मला खरंच हात लावला नाही. काही बदलायचं झालं की तो शेजारी दुसरा फोल्डर करायचा. 'किनार-नवीन'. मग 'किनार-चालू'. गावोगावची माणसं प्रोजेक्टमध्ये आली, त्यांनी आपापले फोल्डर जोडले. कप्प्यात कप्पे होत गेले आणि मी पार तळाशी गेलो. कुणी जवळून गेलं तरी मला वाटायचं, तीच असेल. ती नसायची.

अशी काही वर्षं गेली. एके दिवशी प्रोजेक्टमध्ये आलेल्यांपैकी नेत्राचा मालेगावहून निरोप आला. "एजाजदादा, मी दुरुस्ती भलत्याच किनारीत केली. आमच्याकडे ताण्याच्या अख्ख्या बीमचं कापड तुटक किनारीचं निघालं. खरी किनार कोणती, तेवढं तरी सांगा."

एजाज डोकं धरून बसला. त्याची बहीण अमरीन म्हणाली, "भाईजान, एवढे डबे कशाला? एक ठेवा, बाकीचे काढा."

"त्यातला एक क्षितिजाचा आहे."

"मग तिला विचारा. इतकी वर्षं विचारलंत का कधी?"

त्याने विचारलं नव्हतं. त्याने फोन लावला.

शुक्रवार होता. कारखाना बंद, माळा शांत. क्षितिजा सुट्टी घेऊन आली. चाचांना आता जिना चढवत नाही, त्यांनी खालूनच विचारलं, "क्षितिजा हाय का? शेतात भात लावता ना अजून?"

"हो चाचा, थोडा."

तिने मला उघडलं. मी किती वाट पाहिली होती, ते तिला कसं सांगणार? ती ओळ न् ओळ वाचत गेली आणि आपल्याच शब्दांपाशी थांबली.

"तू खरंच हात लावला नाहीस?"

"तूच सांगितलं होतंस."

"अरे वेड्या, रविवारपुरतं सांगितलं होतं मी." ती ओळ तिने स्वतःच पुसली.

मग दोघांनी सगळे फोल्डर उपसले. चालणारं तेवढं घेऊन सगळ्यात वर एकच फोल्डर केला, 'नक्षी'. माझ्यातली वेल तिथे गेली. बाकी काही कामाचं नव्हतं. एजाजचा हात अडखळला. क्षितिजा म्हणाली, "काढ. माझं म्हणून जपू नकोस. नेत्राला सापडलं पाहिजे."

प्रत्येक बदलाची आवृत्ती जपणाऱ्या आमच्या जगात रिकामा फोल्डर टिकत नाही. शेवटची फाइल निघाली आणि मी संपलो.

आता मी प्रोजेक्टच्या जुन्या आवृत्त्यांत असतो. मागे येऊन कुणीही मला उघडू शकतं, पण मला पुढचं दिसत नाही. मी उरलो नाही याचं दुःख नाही. वाट मोकळी व्हायलाच हवी होती. शेवटची फाइल निघताना क्षितिजा "येते हं" म्हणाली होती. ती नुसतीच बोलायची रीत होती की ती खरंच येणार होती, ते मला कळलं नाही.

तुम्ही त्या सॉफ्टवेअरपाशी गेलात तर 'नक्षी' उघडा. तिथे प्रत्येक बदलाखाली तो करणाऱ्याचं नाव असतं; नव्या बदलांखाली क्षितिजाचं नाव आहे का, तेवढं बघा. आणि असलं, तर मागे येऊन मला सांगाल?