डाग पाडणारा काळा बुश

मी चिखलीच्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला, काळा बुश बोलतोय. लोखंडी बैठकीत बसून फिरता दांडा अंगावर पेलायचा, हे माझं काम. त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं ते एवढंच: सकाळपासून दांडा गरगरत होता, तरी दुसऱ्या टोकाचा माझा नवा शेजारी बाहेरून गारच्या गार.

मीही मूळचा कापूसच. सुती कापडाच्या घड्या राळेत भिजवून, दाबून, भाजून मला घडवलं. नुसती राळ उष्णता अडवून धरते, म्हणून तिच्यात शिसपेन्सिलीत असते ती काळी भुकटी, ग्रॅफाइट, मिसळली. चांगली सढळ हाताने! चिमूटभर घातली असती तर कण एकमेकांपासून लांबच राहिले असते. माझ्यात कणाला कण टेकलेला. आतली धग ते हातोहात बाहेरच्या लोखंडाकडे देतात. सात हंगाम मी दांडा पोळू दिला नाही. गर्व आहे मला त्याचा.

खोड एकच. माझी काजळी खाली रुईवर पडते. रुईचे नमुने तपासायला नवीच लागलेली कोकिळा, बी.एस्सी. झालेली पोरगी, तिनेच कागदावर लिहिलं, ‘काळे डाग’. झालं! फिटर उत्तमरावांनी माझ्या जोडीदाराला उपटलं आणि तिथे ग्रॅफाइट नसलेला, नुसत्या राळेचा पिंगट बुश बसवला.

“पाह्य पोरी,” दोन्ही बैठकींवर हात ठेवून उत्तमराव म्हणाले, “नवा कसा थंडगार! काळाच तापून राह्यला. उद्या त्यालेबी काढतो.”

“काका, तो थंड आहे ना, त्याचीच मला भीती वाटते. आतली उष्णता जाते कुठे?”

“थंड्याचं भेव? तुले तं भोंगा वाजला तरी भेव वाटते!”

कापूस निवडणाऱ्या बाया खिदळल्या. कोकिळा ओशाळली. भोंग्याला ती दचकायची, हे खरंच होतं.

जेवणाच्या सुट्टीत दांडा थांबला. तिने माझ्याजवळ दांड्याला बोट लावलं: गरम, पण सोसेल इतपत. मग शेजाऱ्याजवळ लावलं, आणि किंचाळून हात मागे घेतला. बोट चांगलंच पोळलं होतं. आपण लिहिलेले दोन शब्द तिला आठवले असावेत, कारण चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात भोंगा झाला. इंजिनघरात उत्तमरावांनी दांडा फिरवणारा पट्टा चढवला, दांडा पुन्हा गरगरू लागला. करपट वास आला. शेजाऱ्यावर साचलेल्या रुईच्या कस्पटांतून धुराची रेघ निघाली, आणि खाली कापसाच्या ढिगात बाया येऊन बसत होत्या.

“काका, पट्टा पाडा!” यंत्रांच्या धडधडाटात तिचा आवाज विरला.

“काय दिसलं वं बाई, पाल का?” बायांमधली सोजराबाई हसली.

“धूर! मावशी, उठा, बाहेर व्हा!”

वाचकहो, हाताला गरम लागतो म्हणून कुणाला वाईट ठरवू नका. मी तापत होतो तो दांडा वाचवण्यासाठी. मला नंतर कुणी उपटलं नाही, म्हणून तर आज बोलतोय.

पण त्या घटकेला सगळं कोकिळेच्या गळ्यावर होतं. ती पळाली नाही. रुईच्या गठाणीवर चढली, तोंडाशी दोन्ही हात धरले. “उत्तमकाकाऽऽ! पट्टाऽऽ!” एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आवाज चिरकला, आणि इंजिनघराच्या दारात उत्तमरावांचं डोकं दिसलं. त्यांची नजर धुरावर गेली.

“हाव पोरी! पाडला!”