जर्मन गाडीचं गिऱ्हाईक

“क्लच हळू सोड रे. रस्ता काय पळून जात नाही,” बेनेडिक्ट ओट्यावरून म्हणाला.

दशरथने दात आवळून क्लच सोडला. जुनी एनएसयू मोटरसायकल गचका देऊन निघाली आणि या खेपेला बंद न पडता टोकाच्या दगडी क्रुसापर्यंत गेली. मरोळ गावठाणातल्या त्या अरुंद रस्त्यावर तो दर रविवारी ‘गाडी बघायला’ येत होता.

बघायला, हे आपलं म्हणायला. खरं तर नव्या शंभर सीसीच्या जपानी गाडीसाठी त्याने केव्हाच नंबर लावला होता. फक्त चालवता येत नव्हती. पस्तिशीच्या माणसाने घाटकोपरच्या चाळीतल्या पोरांसमोर आपटायचं कसं? म्हणून कंपनीत कुणीतरी सांगितलेल्या या जर्मन मोटरसायकलचं तो गिऱ्हाईक झाला. पहिल्याच दिवशी त्याने ती कुंपणात घातली. बेनेडिक्ट हसला नाही. “हिची सवय नाही तुला. होतं,” एवढंच बोलला. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात लुळा पडला होता, म्हणून तर गाडी विकायची होती.

गिऱ्हाईक म्हटल्यावर खोड काढणं आलंच. “कंपनीनेच मोटरसायकली बनवायच्या सोडल्या, अंकल. काही तुटलं तर पार्ट आणू कुठून?” दशरथ म्हणायचा. “परत विकायला गेलो तर हिचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नसणार.” बेनेडिक्टचा चेहरा पडायचा. पण ती गोष्ट तो आठवडाभर मनात घोळवायचा आणि रविवारी उत्तर घेऊन बसलेला असायचा.

“तू टर्नर ना रे? मग पार्टची कसली चिंता करतोस? लेथवर बनवशील,” एका रविवारी तो म्हणाला. “दुसरा कोण नेईल तो भंगारात घालेल. तुझ्याकडे ही जगेल.”

त्या दिवशी दशरथचा हात नकळत टाकीवरून फिरला. घरी जाईपर्यंत तो पहिल्यांदाच खरोखर हिशेब करत होता, घ्यावी की काय. बायकोला, शेवंतीला सांगितलं तर ती म्हणाली, “नवी येतेय ना? मग त्या म्हाताऱ्याला कशाला झुलवत ठेवलंय?”

पुढच्या खेपेला बेनेडिक्टच्या बायकोने, जोसेफीनने चहा देताना सहज सांगितलं, “कुर्ल्याचा एक मेकॅनिक आलेला. लगेच उचलत होता. ह्यांनी परत पाठवला. बोलले, दशरथ बघतोय.”

सांगून टाकायची तीच वेळ होती. कपातल्या चहावर साय धरली तरी दशरथ कपातच बघत राहिला. मग म्हणाला, “पुढच्या रविवारी नक्की सांगतो, आंटी.”

त्याच आठवड्यात त्याचा नंबर लागला. त्या रविवारी तो मरोळला गेला नाही. त्यानंतरही नाही. कंपनीत येताना गावठाणाचा रस्ता टाळून तो लांबून वळसा घ्यायचा.

दसरा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी पाळी सुटली, तेव्हा गेटबाहेर जोसेफीन उभी होती. हातात फडक्यात बांधलेला डबा. दशरथ नव्या गाडीवर बसून किक मारणारच होता.

“बरा आहेस ना रे बाबा?” ती म्हणाली. “ह्यांनी डोकं खाल्लं माझं. बोलले, पोरगा आजारी असेल, जाऊन बघ.”

“बरा आहे, आंटी.”

तिची नजर हँडलवरच्या सुकलेल्या झेंडूकडे गेली, तिथून सीटवरच्या प्लास्टिककडे.

“छान आहे,” ती म्हणाली. “मऊ चालत असेल.”

“आंटी, मी येणारच होतो. ते काय झालं, नंबर...”

“फुगे तळलेत, नारळाच्या दुधातले. तुला आवडतात म्हणून.” तिने डबा त्याच्या हातात दिला. “डबा नंतर दे. नाही दिलास तरी चालेल.”

“बसा ना, सोडतो घरापर्यंत.”

“नको रे. ते ओट्यावर बसलेले असतात. लांबून गाडीचा आवाज ओळखतात.” पदर सावरून ती वळली. “तू बरा आहेस, एवढंच सांगते त्यांना.”

ती हळूहळू रस्त्याच्या कडेने निघाली. दशरथने किकवर पाय ठेवला आणि काढून घेतला. मागून हॉर्न वाजवत माणसं निघून जात होती. तो खाली उतरला, डबा काखेत धरला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत कोरी करकरीत गाडी हाताने ढकलत राहिला.