धुतलेली सुरी

खोडाळ्याच्या बाजारामागच्या मांडवात लिंबू चिरलं गेलं आणि ताटात लाल रक्त ठिबकलं. "आई गं!" करत पुढची माणसं मागं सरली, मागची बघायला पुढं रेटली. मोबाइल वर झाले.

"बघा! मशीनला दिसलं नाही ते लिंबाला दिसलं!" भाऊमहाराज गरजले. "नाशिकचा डॉक्टर काय म्हणाला, माई?"

"नक्की सांगता येत नाही म्हणाले," उज्ज्वला पुटपुटली.

"येणार कसं? करणीचा फोटो निघतो का? अपना तो डायरेक्ट वरून रिपोर्ट येतो!"

लोक हसले. उज्ज्वलालाही धीर आला. कुणीतरी एकदाचं ठामपणे बोलत होतं.

शेजारी तिचा नवरा हरेश मुकाट बसला होता. आश्रमशाळेतला विज्ञानाचा शिक्षक, नुकतीच पन्नाशी उलटलेला. वर्षभरात त्याचे शब्द हरवू लागले होते. जामसरच्या शाळेतून घरी येताना तो रोजच्या रस्त्यावर चुकला. एकदा तर खडू धरून फळ्यापुढे नुसताच उभा राहिला. मुलांना वाटलं, गुरुजी गंमत करताहेत. मेंदूचे फोटो निघाले, रक्त तपासलं. एक डॉक्टर म्हणाला विसरण्याचा आजार असेल, दुसरा म्हणाला मनाचं दुखणं असेल, तिसरा म्हणाला थांबून पाहू. त्या 'थांबून पाहू'नं उज्ज्वलाला पोखरलं होतं. जन्मभर बुवांना नाकं मुरडणारी ती, आज आपल्या पायांनी इथं आली होती.

"करणी घरातलीच आहे," महाराजांनी डोळे मिटले. "जिच्या हातचं जेवता, तिचीच."

सगळ्या माना वळल्या. उज्ज्वलाची थोरली जाऊ तुळशी डबा घेऊन सोबत आली होती. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहायची. दवाखान्याच्या खेपा चालू असताना घर तिनंच सांभाळलं होतं.

"मी?" तुळशीनं उज्ज्वलाचा हात धरला.

उज्ज्वलानं तो सोडवून घेतला.

मागून कुणीतरी "भुताळी! चेटकीण!" म्हणालं. दोघंतिघं तिच्या अंगावर जायला उठली.

तेवढ्यात हरेश बोलला, वर्गात बोलायचा त्या आवाजात. "सुरी धुऊन घे. मग काप."

महाराज थबकले. "रोगी बरळतोय."

"कसली सुरी, अहो?" उज्ज्वलानं विचारलं.

"त्या सुरीला... ते चोळतात. लाल..." शब्द सापडेना. तो कपाळावर मूठ मारू लागला. "कुंपणाला असतं. फूल..."

"जास्वंद?"

"जास्वंद!"

उज्ज्वलाला लख्ख आठवलं. गावोगावच्या शाळांत हरेश हाच प्रयोग दाखवायचा, फुलं तीच खुडून द्यायची. भीतीपायी ते तिच्याही डोक्यातून गेलं होतं.

ती उठली. भाजीवालीची सुरी मागून तिनं महाराजांच्या ताटातलं लिंबू चिरलं. साधा रस आला. मग पुढच्या रोग्यासाठी तयार ठेवलेली महाराजांची दुसरी सुरी उचलून लिंबू कापलं. लाल! तीच सुरी पाण्यानं खसाखसा धुतली आणि आणखी एक लिंबू कापलं. पुन्हा साधा रस.

"जास्वंदीच्या पाकळ्या चोळून सुरी वाळवली की कळत नाही," ती ओरडून म्हणाली, "आणि लिंबाचं आंबट लागलं की लाल होतं. यात रक्तही नाही नि करणीही नाही!"

हरेश महाराजांकडे निरखून पाहत होता. "रोहिदास ना तू? माझ्या वर्गातला?"

महाराजांची मान खाली गेली.

"प्रयोग छान केलास. पण शेवट राहिला, बाळा. शेवटी युक्ती सांगायची असते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मनानं तो अजून वर्गातच होता. उज्ज्वलाला मात्र भडभडून आलं. लोकांची भीती घालवायला गुरूनं जे दिलं, तेच या पोरानं गुरूवरच उलटवलं होतं.

तुळशीवर धावून जाणारे आता चपला शोधत होते. पोलिसांत तक्रार झाली, मांडव उठला. तुळशी घरी परतली. पण तेव्हापासून हरेशला वाढताना ती पहिला घास स्वतः खाऊन दाखवते. उज्ज्वला रडते, "नको ना ताई" म्हणते. ती ऐकत नाही.

हरेशला काय झालंय ते अजून कळलेलं नाही. कदाचित कळणारही नाही. 'माहीत नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरचा राग येतो, पण तो निदान खोटं तरी बोलत नाही. दुखण्याला नाव मिळत नसेल तर तपासा, वाट पाहा, पुन्हा विचारा. पण त्याला घरातल्या बाईचं नाव देऊ नका.